टोपी काढून वाचलेल्या बातम्या

आमच्या वाचनालयात रोज संध्याकाळी एकच वर्तमानपत्र दोनदा वाचलं जायचं, एकदा सगळ्यांसाठी आणि एकदा आबासाहेबांसाठी. आबासाहेब दोन्ही वेळा पहिल्या रांगेत तक्क्याला टेकून हजर असत. फरक एवढाच की पहिल्या वेळी ते झोपलेले असत.

हिंगोलीच्या त्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द पुढं आला. तेव्हा गाव मला पेपरमास्तर म्हणायचं, बायका 'बुकवाले' म्हणायच्या, आणि घरी जायला उशीर झाला की माझी बायको काहीच म्हणायची नाही, नुसती भांडी आपटायची. काळ निजामी राज्याचा, मोठ्या लढाईच्या थोडा आधीपासून ते राज्य जाईपर्यंतचा. आमच्या गावाला रेल्वे होती, पण ती आमच्यापाशीच संपायची. पुढं रूळच नव्हते. पुण्या-मुंबईचं वर्तमानपत्र गाड्या बदलत बदलत आमच्याकडे यायचं आणि तोवर बातमीला चांगलंच वय झालेलं असायचं. पण आमच्यात पोचली की ती ताजी, असा नियम होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

स्टेशनावरून पेपरांचं बंडल उस्मानमियाँ आपल्या टांग्यातून आणत. त्यांना वाचता येत नसे, पण बंडल हातात तोलून ते बातमी सांगत. "आज भारी है मास्तरसाब. कोई बडा आदमी गया दिखता." सोडून पाहावं तर आत बियाण्यांच्या जाहिरातीची जादा पुरवणी. तरी त्यांचा अंदाज अधूनमधून बरोबर यायचा आणि मग ते आठवडाभर टांगा जरा ताठ बसून हाकायचे.

वाचनालयात बसून काय करता, असं मला लोक अजून विचारतात. त्यांना वाटतं पुस्तकं राखणं म्हणजे बसणं. सकाळी दारातल्या फळ्यावर खडूनं मुख्य बातम्या लिहायच्या. पेपर लाकडी दांडीत अडकवून टेबलावर मांडायचा, म्हणजे तो कुणी घडी घालून घरी नेत नाही. (दांडीसकट नेणारे होते, पण ते दारात अडकत.) फाटलेल्या पानांना मैद्याची खळ लावायची, आणि त्या खळीला झुरळं लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायचा. पान उलटताना बोटाला थुंकी लावणाऱ्यांवर डोळा ठेवायचा. आणि दुपारी पिशवीत पुस्तकं घेऊन घरोघर जायचं, कारण बायकांनी वाचनालयात येण्याची रीत नव्हती. त्या दाराआडूनच सांगत, "मागच्यासारखं द्या, पण रडकं नको." मागच्यासारखं आणि रडकं नसलेलं असं पुस्तक आमच्याकडे नव्हतंच. मग मी अर्धंच रडकं असलेलं देई.

ही खोली आबासाहेबांची होती. आबासाहेब म्हणजे आसपासच्या चार गावांत जमीन असलेले देशमुख, अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. त्यांच्या घरामागची ही लांबोडकी खोली त्यांनी वाचनालयाला भाड्याशिवाय दिली होती. अट एकच.

"मास्तर, रोज दिवेलागणीला मला ताजी बातमी ऐकवायची. ज्या दिवशी बातमी न्हाई, त्या दिवशी खोली सरकीला."

सरकीचा विषय त्यांच्या घरात गंभीर होता. त्यांच्या पत्नी माईसाहेब यांना सरकीची पोती ठेवायला हीच खोली हवी होती. पुस्तकं द्यायला गेलो की त्या पुस्तक घेत, माझी विचारपूस करत आणि शेवटी विचारत, "काय मास्तर, पेपर येऊन राहिला ना रोज?" त्यांच्या आवाजातली आशा मला स्पष्ट ऐकू यायची. दुसरी जागा आम्हाला कुणी दिली नसती. त्या दिवसांत वाचनालय म्हटलं की सरकार कान टवकारे आणि घरमालक मागं सरत. खोली गेली तर वाचनालय गेलं, हे मला आणि माझ्या ऐकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मोठ्यानं पेपर वाचणं सोपं नसतं. छापलंय तसं वाचलं तर निम्म्यांना कळत नाही, सोपं करून सांगितलं तर उरलेल्यांना संशय येतो की मास्तर पदरचं घालतोय. भिंतीवर जगाचा नकाशा होता. लढाई सुरू झाल्यावर दत्तोबा शिंप्यानं आपल्या दुकानातल्या टाचण्या आणल्या आणि कुठली फौज कुठवर आली ते टोचून दाखवायचं काम आपल्याकडे घेतलं. त्या नकाशावर एक पाल राहत असे. ती रशियावर बसली की दत्तोबा टोचायचं थांबे आणि आम्ही सगळे ती दक्षिणेला सरकायची वाट पाहत असू. एकदा वारंग्याचे एक म्हातारबुवा बाजाराला आले होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "आमच्या फाट्यापासून ही लढाई किती लांब हाय? पोरगी दिलीय तिकडं." मी सांगितलं, फार लांब. ते म्हणाले, "मंग चालू द्या."

वाचन सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या बातमीला आबासाहेबांची मान छातीवर यायची. मग घोरणं सुरू व्हायचं. मी आवाज चढवायचो, तेही चढवायचे. शेवटची जाहिरात वाचून मी पेपर खाली ठेवला की त्या शांततेनं ते जागे होत, मिशा पुसत आणि म्हणत,

"हं. आता पैल्यापासून वाचा."

सगळी खोली सुस्कारा टाके. दत्तोबा तर हळू आवाजात काहीबाही बोले, ते मी इथं लिहीत नाही. पण उठून जायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळं हिंगोलीत त्या काळी जगाच्या घडामोडी लोकांना पाठ होत्या.

पुढं लढाई संपली, इकडं देश स्वतंत्र झाला, आणि आमच्या राज्याचं काय हा प्रश्न लटकत राहिला. गावात भीती भरली. संध्याकाळी दारं लवकर लागू लागली. बाहेरचे पेपर राज्यात यायला बंदी झाली. उस्मानमियाँ रोज स्टेशनावर जात आणि रिकामा टांगा घेऊन येत. "आज बी नै आया, मास्तरसाब," असं सांगताना ते माझ्याकडे न बघता घोडीकडे बघत.

फळा कोरा. दांडी रिकामी. पहिल्या दिवशी मी आबासाहेबांना पुन्हा कालचाच पेपर वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी परवाचा. आणि माईसाहेबांनी खोलीची मापं घ्यायला माणूस पाठवला.

तेव्हा दत्तोबानं युक्ती काढली. आमच्या माळ्यावर जुने पेपर महिन्यावार सुतळीनं बांधून ठेवलेले होते. "मास्तर, तारीख वाचायची न्हाई अन् जुनंच वाचायचं. आबासाहेब झोपत्यात. त्यांना काय कळून राहिलंय?" प्रश्न बाकीच्यांचा होता. ते फसता कामा नयेत. बाजाराचे भाव, गाड्यांच्या वेळा, लोक त्यावर विसंबून कामं करत. तेव्हा ठरलं की पेपर जुना असेल तेव्हा मी टोपी काढून मांडीवर ठेवायची. टोपी डोक्यावर असली तर ताजा. ही खूण रोजच्या ऐकणाऱ्यांना कानात सांगितली आणि सगळ्यांनी कुणाला न सांगण्याचं कबूल केलं. मग मी बोडक्या डोक्यानं वाचायला लागलो.

पहिली अडचण लढाईची आली. संपलेली लढाई आमच्याकडे पुन्हा सुरू झाली. दत्तोबानं टाचण्या काढून कोट शिवायला नेल्या होत्या, त्या त्याला परत आणाव्या लागल्या. एका म्हाताऱ्यानं शंका काढली, "मास्तर, ही लढाई मागं एकदा होऊन गेली न्हवती का?" आबासाहेब झोपेतच बोलले, "लढाया परत परत होतच असत्यात." आणि पुन्हा घोरू लागले. एके दिवशी पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा एक माणूस आम्ही काय वाचतो ते ऐकायला येऊन बसला. त्यानं तीन-चार वर्षांपूर्वीचा कापसाचा भाव ऐकला, एका राजकन्येचं लग्न ऐकलं, दोन जांभया दिल्या आणि निघून गेला. तो परत आला नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि मी सर्कस वाचली.

लढाईचा मला कंटाळा आला होता. माळ्यावरच्या एका पेपरात वाशीमला आलेल्या सर्कशीचं मोठं झकास वर्णन होतं. वाघ, हत्ती, उड्या मारणारे घोडे, तारेवरून छत्री घेऊन चालणारी बाई. मी ते रंगवून वाचलं. त्या दिवशी आठवडी बाजार होता. मागच्या रांगेत साखरा गावचा किसन बसला होता. पाच-सात एकर कोरडवाहूचा धनी, साधा आणि उत्साही. तो रोजचा ऐकणारा नव्हता. त्याला टोपीचं ठाऊक नव्हतं आणि वाचन संपण्याआधीच तो उठून गेला. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या बाजाराला दिवेलागणीच्या सुमारास मी टोपी मांडीवर ठेवून वाचत होतो. दारात किसन येऊन उभा राहिला. मागं त्याची बायको कौसाबाई आणि एका ओळीत लेकरं.

"मास्तर, सर्कस कुठं हाय?"

मी पेपर खाली केला. "कसली सर्कस, किसनराव?"

"तुमी वाचली ती. वाशीमची. मी गाडी जुंपून समद्यांला घेऊन गेलो. हद्दीच्या नाक्यावरचा शिपाई इचारतो, कुठं निघाले? म्हनलं सर्कशीला. तो पोट धरून हासला. मला वाटलं, सर्कस पाहून हासून राहिला. जाऊन पाहातो तं मैदानात दोन म्हशी."

"एकच म्हैस हुती," कौसाबाई मागून म्हणाली. "दुसरं रेडकू व्हतं."

"लोकं म्हनले, सर्कस जाऊन सालं झाली. मंग मास्तर, तुमी काहून वाचलं?"

माझी नजर आबासाहेबांकडे गेली. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण घोरणं थांबलं होतं. मला सरकीची पोती दिसू लागली, कपाटाच्या जागी, टेबलाच्या जागी, नकाशावरच्या पालीपर्यंत रचलेली.

"पेपर जुना होता, किसन," आबासाहेब डोळे न उघडता म्हणाले. "मास्तरांच्या डोक्यावर टोपी हुती का त्या दिशी?"

"न्हाई बा."

"मंग जुना. टोपी काढली की जुनं, घातली की ताजं. समद्या गावाला ठाव हाय."

मी कसाबसा म्हणालो, "आबासाहेब, तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्याच हप्त्यात. मी झोपतो मास्तर, आंधळा न्हाई."

"मग बोलला नाहीत?"

"काहून बोलू?" आता ते सावरून बसले. "घरी माझा डोळा लागला की कोनी ना कोनी उठवते. ह्याचा बांध सरकला, त्याची गाय ह्याच्या रानात शिरली, चला आबासाहेब, निवाडा करा. सालोसाल निजलो न्हाई मी धड. हितं तुमी वाचत असले की मला उठवायची कोनाची छाती होत न्हाई. बातमी जुनी असो की नवी, मला काय करायचं? खोली सरकीला गेली तं मी निजू कुठं?"

इतकी वर्षं ज्यांच्या घोरण्याला आम्ही शिव्या दिल्या, त्यांनाच आमच्याइतकी या खोलीची गरज होती. मला एकदम त्यांची माया आली. दत्तोबा खाली बघून टाचण्यांच्या डबीची उघडझाप करत राहिला.

"पन किसनला तकलीफ झाली," आबासाहेब पुढं म्हणाले. "त्यानं पेपरावर भरवसा ठेवला. त्याला सर्कस दाखवावी लागंल."

"कुणी?" मी विचारलं.

"वाचनालयानं."

मी माझ्या नोकरीत बरीच कामं केली, पण सर्कस एकदाच काढली. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी खोलीमागच्या अंगणात तिचा खेळ झाला. दत्तोबा वाघ. त्यानं पिवळ्या मांजरपाटावर काळे पट्टे शिवून अंगावर चढवले होते आणि मोजायची फीत शेपटी म्हणून मागं टाचली होती. घोडी खरी होती, उस्मानमियाँची. तिचं नाव बिजली आणि स्वभाव अगदी उलट. हत्तीचं काही जमेना, तेव्हा वाचनालयाच्या लाकडी कपाटावर करडी चादर टाकून ते चौघांनी ढकलत आणायचं ठरलं. तारेवरून चालणारी बाई व्हायला कुणी तयार होईना. शेवटी छत्री माझी असल्यामुळं ते काम माझ्याकडे आलं. दोरी आम्ही जमिनीवरच अंथरली होती, तरी मी एकदा पडलो.

एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तो जुना पेपर, आणि वर्णन वाचत वाचत मी खेळ दाखवत होतो. वाघ आला, गुरगुरला. किसनचं धाकटं लेकरू भोकाड पसरून रडू लागलं. दत्तोबानं तोंडावरचं फडकं वर करून सांगितलं, "भिऊ नको रे, मी शिंपी हाय. तुह्या बापाचा सदरा मीच शिवला." ते जास्तच रडू लागलं. मग बिजलीनं पिंपाच्या कड्यातून उडी मारायची होती. तिनं कड्यातून नुसती मान घातली, तशीच उभी राहिली आणि माझ्या हातातला पेपर शांतपणे खाऊन टाकला. वाघ, हत्ती, तारेवरची बाई, सगळं वर्णन तिच्या पोटात गेलं. उस्मानमियाँ हात जोडून म्हणाले, "माफ करना मास्तरसाब, पहली बार पढ रही है." लेकरं हसून हसून मातीत लोळायला लागली. रडणारं लेकरूही हसलं.

टाळ्या झाल्या. त्या आवाजानं तक्क्यावरचे आबासाहेब जागे झाले. त्यांनी मिशा पुसल्या.

"हं. आता पैल्यापासून करा."

वाघ तिथंच खाली बसला. पण दुसरा खेळ झाला, घोडीला या वेळी कडबा देऊन. निघताना कौसाबाई पदर सावरत मला म्हणाली, "वाघ बरा हुता. हत्ती न्हाई जमला. पन वाशीमच्या म्हशीपरीस बेस." मग जरा घुटमळून तिनं विचारलं, "ती बुकं वाचून दाखवता म्हनत्यात. साखऱ्याला कवा येता?" साखऱ्याला मी पुढं कितीदा गेलो. आमची खेड्यापाड्यांत जाऊन वाचून दाखवायची सेवा त्या फसलेल्या सर्कशीतून सुरू झाली, हे मी कुठल्याही अहवालात लिहिलं नाही.

नंतर वाचनालयाला स्वतःची इमारत मिळाली. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी लागली. मीच ती लावली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्याखाली बसलो. पुस्तकं वाढली, रोज चार-पाच पेपर येऊ लागले, प्रत्येकजण आपापला मनात वाचून निघून जाऊ लागला. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण मोठ्यानं वाचणं बंद पडलं याची रुखरुख काही जात नाही.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदातली ती संध्याकाळ मात्र सांगितलीच पाहिजे. पोलीस कारवाई होऊन गेली होती. गावात अफवांचा नुसता बाजार होता, खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काही घरांत आनंद होता, काही घरांत भीतीनं चूल पेटली नव्हती. आम्ही खोलीत नेहमीसारखे जमलो होतो आणि मी माळ्यावरचा एक जुना पेपर काढून ठेवला होता. तेवढ्यात बाहेर टांगा वाजला.

उस्मानमियाँ दारात उभे होते. हातात बंडल होतं, पण या वेळी त्यांनी ते तोललं नाही, बातमीही सांगितली नाही. उंबऱ्याच्या बाहेरूनच बंडल मला देऊन ते परत वळले.

"मियाँ," आबासाहेबांचा आवाज आला. "कुठं निघाले? आत या. हितं, माझ्याजवळ बसा. तुमी आनायचं अन् आमी ऐकायचं, असं कसं चालंल?"

उस्मानमियाँ जोडे काढून आत आले. आबासाहेबांनी सरकून तक्क्याला जागा करून दिली.

मी सुतळी सोडली. वरचं पान पाहिलं. सगळे माझ्या मांडीवरच्या टोपीकडे बघत होते. मी टोपी उचलली आणि डोक्यावर घातली.

दत्तोबा मोठ्यानं रडला. एवढा मोठा माणूस, वाघ झालेला, पण रडला.

निजामानं शरणागती पत्करली होती, आमचं राज्य हिंदुस्थानात आलं होतं. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मधे थांबलो, पाणी प्यालो, पुन्हा वाचलं. समोर आबासाहेब ताठ बसले होते. त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटची जाहिरात वाचून मी पेपर खाली ठेवला. त्यांनी मिशा पुसल्या, डोळेही पुसले.

"मास्तर, आता पैल्यापासून वाचा."

"व्हय मास्तर," सगळी खोली म्हणाली. "पैल्यापासून."

मी टोपी सारखी केली आणि पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या बातमीला आबासाहेबांची मान उस्मानमियाँच्या खांद्यावर आली. उस्मानमियाँ हलले नाहीत. मी जरा हळू आवाजात वाचू लागलो आणि कुणी त्यांना उठवलं नाही.